गांजा : नशेची मागणी वेगळी, औषधाची मागणी वेगळी



दरवर्षी २६ जूनला, जागतिक अमली पदार्थविरोधी दिनी, आपण शाळेत मुलांना शपथ देतो, प्रभातफेरी काढतो, घोषवाक्यांचे फलक रंगवून घेतो. हे करायलाच हवं. पण हीच मुलं घरी मोबाईलवर वेगळंच वाचतात. अमुक देशात गांजा कायदेशीर झाला, गांजाच्या तेलाने कॅन्सर बरा होतो, आपल्याकडेही लोक परवानगी मागतायत. मग वर्गात प्रश्न येतो, "बाई, यातलं खरं काय?" असले प्रश्न विचारायचे नसतात, हे काही उत्तर नव्हे. म्हणून या विषयावर माझं मत मांडते आहे.

मत आधीच सांगून टाकते. गांजाच्या बाजूने जी मागणी होते, तिच्यात खरं तर दोन मागण्या मिसळलेल्या आहेत. पहिली, आजारी माणसाला तपासलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळावं. दुसरी, मौजेसाठी ओढायची मोकळीक मिळावी. पहिल्या मागणीला आपण उघड पाठिंबा द्यावा. दुसरीला, निदान मावळात राहून, मुलांना शिकवताना, मी पाठिंबा देऊ शकत नाही.

कायदा नेमका काय सांगतो?

आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. त्यात झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि झाडाचा चीक म्हणजे चरस, या दोन्हींवर बंदी आहे. नुसती पानं आणि बिया या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. महाराष्ट्रात मात्र भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं नियंत्रण आहे. विनापरवाना लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

पण याच कायद्याच्या कलम ८ मध्ये वैद्यकीय आणि शास्त्रीय कामाचा अपवाद ठेवला आहे. कलम १० ने राज्य सरकारला लागवडीला परवानगी देण्याचा आणि तिचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे. धागा आणि बियांसाठी कलम १४ आहे. त्याच वाटेने उत्तराखंडने २०१८ साली नशा जवळजवळ नसलेल्या भांगेच्या लागवडीचा परवाना दिला. हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला. म्हणजे औषधाचा रस्ता कायद्याने बंद केलेला नाही. त्या रस्त्यावरून चालायचे नियम बहुतेक राज्यांनी केलेले नाहीत, एवढंच.

मॉर्फिनची गोष्ट

नागरिकांनी मागणी लावून धरली तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण मॉर्फिनचं आहे. मॉर्फिन अफूपासून बनतं. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या वेदनेवर ते जगभर वापरलं जातं. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात अफूची सरकारी परवान्याने शेतीही होते. तरी १९८५ च्या कायद्यानंतर आपल्याच रुग्णांना मॉर्फिन मिळेनासं झालं. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, एका दवाखान्याला चार-पाच परवाने लागायचे, चूक झाली तर तुरुंगाची भीती. त्यामुळे डॉक्टर आणि औषध दुकानदारांनी ते ठेवणंच सोडून दिलं. आधी देशात वर्षाला काहीशे किलो मॉर्फिन वापरलं जायचं. १९९७ साली ते १८ किलोंवर आलं. या आकड्यामागे किती घरांतली माणसं रात्र रात्र कण्हत राहिली असतील, याचा विचार करा.

केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल, त्यांची पॅलियम इंडिया ही संस्था, इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर आणि अनेक परिचारिका, नातेवाईक हे वर्षानुवर्षं सांगत राहिले. २००७ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि अशा औषधांसाठी देशभर एकसारखे नियम व एकच परवाना आला. या लोकांनी 'अफू मोकळी करा' अशी मागणी केली नव्हती. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला औषध द्या, चोरी होऊ नये म्हणून नोंदी ठेवा, असं ते म्हणत होते. मागणी इतकी नेमकी असल्यामुळे ती नाकारणं अवघड गेलं.

आज कोण काय मागतंय?

गांजाच्या बाबतीत मागणी इतकी नेमकी नाही. ग्रेट लीगलायझेशन मूव्हमेंट इंडिया ट्रस्टने २०१९ साली बंदीविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. त्याआधी २०१६ मध्ये पतियाळाचे खासदार धर्मवीर गांधी यांनी खासगी विधेयक आणलं होतं. आपल्या सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ऑगस्ट २०२१ मध्ये थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला : कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, दोन एकरांत गांजा लावू द्या. पोलिसांनी तो प्रसिद्धीचा प्रकार ठरवला. त्या अर्जातलं दुखणं शेतमालाच्या भावाचं आहे, गांजाचं नाही, हे शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवणाऱ्या आपल्याला चटकन कळतं.

मोकळीक मागणारे १८९३-९४ च्या इंग्रजांच्या आयोगाचा दाखला नेहमी देतात. या आयोगाने ११९३ साक्षी घेतल्या आणि संपूर्ण बंदी नको असं सांगितलं, हे खरं आहे. पण अतिसेवन घातक आहे आणि नियंत्रण हवं, असंही त्याच अहवालात आहे. अर्धा अहवाल वाचून चालणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी काढलं. भारताने बाजूने मत दिलं. त्याचा अर्थ औषधी उपयोग मान्य झाला, एवढाच. गांजा नियंत्रणाखालीच आहे.

औषध म्हणून काय सिद्ध झालंय?

या झाडातले दोन घटक महत्त्वाचे आहेत. टीएचसीमुळे झिंग येते, सीबीडीमुळे येत नाही. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लहान मुलांच्या दोन अवघड प्रकारच्या अपस्मारासाठी शुद्ध सीबीडीच्या औषधाला मान्यता दिली. केमोथेरपीनंतरच्या उलट्या आणि मज्जासंस्थेच्या एका आजारातला स्नायूंचा ताठरपणा यांवरही काही देशांत अशी औषधं दिली जातात. यादी साधारण इथे संपते. गांजाने कॅन्सर बरा होतो, याला पुरावा नाही.

हे स्पष्ट सांगणं का गरजेचं आहे? एका पालकाने मला विचारलं होतं, "बाई, पोराला फिट येतात. फोनवर बघितलं, ते तेल घेतलं तर गोळ्या बंद करता येतील का हो?" मी त्यांना म्हटलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका. गोळ्या अचानक थांबवल्या तर फिट वाढून जिवावर बेतू शकतं. नियम नसले की अशी गरजू माणसं जाहिरातींच्या तोंडी जातात.

'आयुर्वेदात विजया आहेच की,' असं काही जण म्हणतात. आहे, आणि परवान्याने तशी औषधंही बनतात. पण लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं, तेव्हा योग जुना आहे एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी योगक्रिया यंत्रांवर तपासल्या आणि निष्कर्ष छापले. विजयेचीही तशीच तपासणी व्हावी, आणि जे टिकेल ते रुग्णाला परवडणाऱ्या दरात मिळावं.

मावळातून पाहताना

शनिवार-रविवारी लोणावळा, खंडाळा, पवना धरणाचा काठ माणसांनी भरून जातो. तंबू लागतात, बंगले भाड्याने जातात. सोमवारी त्याच रस्त्याने आपली मुलं शाळेत येतात आणि मागे काय पडलंय ते बघतात. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार वर्षभरात ३.१ कोटी भारतीयांनी भांग, गांजा किंवा चरस घेतला होता, आणि सुमारे ७२ लाखांना त्यासाठी मदतीची गरज होती. वाढत्या वयात नियमित गांजा ओढल्याने स्मरणशक्तीवर परिणाम होतो, काहींना गंभीर मानसिक आजारही होतो.

'मग दारू-तंबाखू कशी चालते?' हा सवाल रास्त आहे. पण दारूने घरं कशी मोडतात ते आपण वस्तीवस्तीवर पाहतो. एक चूक चालू आहे म्हणून तिच्या जोडीला दुसरी आणायची का? थायलंडने २०२२ मध्ये पुरेसे नियम न करता गांजा मोकळा केला आणि २०२५ मध्ये त्यांना पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर यावं लागलं.

मात्र बंदीच्या बाजूने असले तरी पुडीसह सापडलेल्या पोराचं आयुष्य कोठडीत वाया जावं, असं मला वाटत नाही. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देणारं कलम ६४-अ याच कायद्यात आहे. ते किती पालकांना माहीत आहे?

आपल्या पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. वारज्याजवळ १९९७ पासून सिप्लाचं केंद्र कॅन्सरच्या रुग्णांची विनामूल्य वेदनाशामक सेवा करतं. मावळातल्या एकाच घराला या दोन्ही ठिकाणी जायची वेळ येऊ शकते. कायदाही दोघांना उपयोगी पडेल असा हवा.

म्हणून मला वाटतं :

१. राज्य सरकारने औषधी वापर आणि संशोधनाचे स्पष्ट नियम करावेत. नोंद, तपासणी, डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची असावी.
२. 'सगळे आजार बरे' छाप जाहिरातींवर कारवाई व्हावी.
३. अल्प प्रमाणात सापडलेल्या मुलांना आधी समुपदेशन आणि उपचार मिळावेत. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन १४४४६ प्रत्येक शाळेच्या फलकावर लिहावी.
४. शेतकऱ्याला भाव हवा असेल तर भात, ऊस, फुलांच्या भावासाठी अर्ज करू. गांजा हा त्यावरचा उपाय नव्हे.

वर्गात चर्चेसाठी (सातवी-आठवी) :
• एकच वस्तू औषध आणि विष दोन्ही कशी असू शकते? घरातली उदाहरणे द्या.
• मॉर्फिनसाठी झगडणाऱ्यांनी कोणते सनदशीर मार्ग वापरले?
• मोबाईलवरची आरोग्याची बातमी खरी की खोटी, हे कसे तपासाल?

मुलांना शपथ जरूर देऊ या. त्याबरोबर त्यांच्या प्रश्नाला खरं उत्तरही देऊ या.