नायक कोणाच्या मालकीचा?

सैलानीच्या यात्रेत, शेगावच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खामगाव-चिखलीच्या बाजारात खेळण्यांची दुकाने लागतात. या दुकानांतून आज स्पायडरमॅन, बॅटमॅन, आयर्नमॅन हे परदेशी महानायक प्लास्टिकच्या देहाने हारीने उभे असतात. त्यांतले बहुतेक बनावट असतात. अस्सल, परवान्याचे, रंगीत खोक्यातले बाहुले पाहायचे तर मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये जावे लागते. तेथे एकेका बाहुल्याची किंमत शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी असते, आणि ते घेणारा ग्राहक अनेकदा मूल नसून चांगला मिळवता प्रौढ असतो. तो खेळत नाही. तो संग्रह करतो.

या प्रकारावर आपल्याकडे दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. संस्कृतिरक्षक म्हणतात, हे परकीय नायकांचे आक्रमण आहे. मुलांच्या हातातून ते काढून घ्या. बाजाराचे भाट म्हणतात, ज्याला आवडते तो घेतो. तुम्ही मध्ये बोलणारे कोण? दोघांचे भांडण जोरात चालते आणि त्या गदारोळात खरा प्रश्न हरवून जातो. नायक परका की आपला, हा तो प्रश्न नव्हे. नायक मालकीचा कसा झाला आणि त्या मालकीची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न आहे.

परवाना म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या मुलाला समजावून सांगण्यासाठी अर्थशास्त्राचा ग्रंथ उघडावा लागत नाही. त्याला खंड ठाऊक आहे. जमीन एकाची, कसणारा दुसरा, आणि पीक येवो न येवो, खंड ठरलेला. खेळण्यांच्या धंद्यातही नेमके हेच आहे. नायकाचा चेहरा एका कंपनीच्या मालकीचा असतो. दुसरी कंपनी तो ठरावीक वर्षांसाठी खंडाने घेते, किमान रकमेची हमी देते आणि विकलेल्या प्रत्येक नगामागे हिस्सा मोजते. मुदत सरली की नवा करार, नवी बोली. खोक्याच्या किमतीत प्लास्टिक, मजुरी, वाहतूक, दुकानदाराचा नफा हे सारे असतेच. पण त्याखेरीज ज्याने साच्याला हातही लावला नाही त्याच्या खिशात जाणारे चेहऱ्याचे भाडेही असते.

हा चेहरा मुळात कोणी घडवला? सुपरमॅनचीच गोष्ट पाहावी. क्लीव्हलंड शहरातल्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन गरीब तरुणांनी तो निर्माण केला. १९३८ साली अवघ्या १३० डॉलरांना त्यांनी त्याचे हक्क प्रकाशकाला लिहून दिले. पुढे त्या नायकावर कोट्यवधींचा व्यापार उभा राहिला आणि त्याचे जन्मदाते न्यायालयांचे उंबरठे झिजवीत राहिले. १९७५ मध्ये, सुपरमॅनचा भव्य चित्रपट तयार होत असताना, त्यांनी आपली दैना जाहीरपणे मांडली आणि लोकलज्जेपोटी वॉर्नर कंपनीने दोघांना वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर देऊ केले. अन्यायाचा नाश करणारा नायक ज्यांनी जगाला दिला, त्यांच्यावरच्या अन्यायाला मात्र कोणी महानायक धावून आला नाही. बौद्धिक संपदेचा कायदा निर्मात्याच्या रक्षणासाठी आहे, असे जे सांगतात त्यांनी या हिशेबाचे उत्तर द्यावे.

आता या खंडाच्या फेरफारांचा इतिहास पाहू. सत्तरच्या दशकात मेगो नावाची कंपनी सुपरमॅन-बॅटमॅनचे आणि स्पायडरमॅनचे बाहुले एकाच वेळी काढीत असे. ती बुडाली. १९८४ मध्ये केनरने डीसीचे नायक घेतले, मॅटेलने मार्व्हलचे. १९९३ मध्ये टॉय बिझ या कंपनीने मार्व्हलला आपले ४६ टक्के भांडवल दिले आणि त्या बदल्यात कायमचा, रॉयल्टीमुक्त परवाना मिळवला. १९९६ अखेर मार्व्हल दिवाळखोरीत गेली आणि १९९८ मध्ये तिचे टॉय बिझमध्येच विलीनीकरण झाले. खेळणी करणाऱ्याच्या घरात नायकांची मालकी आली! पुढे २००७ पासून हे नायक हॅस्ब्रोच्या खंडात गेले आणि २००९ मध्ये खुद्द मार्व्हलच डिस्नेने सुमारे ४०० कोटी डॉलरांना घेतली. डीसीचे नायक अनेक वर्षे मॅटेलकडे होते. २०२० पासून ते मॅकफार्लेन आणि स्पिन मास्टर यांच्याकडे गेले. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या करारानुसार जुलै २०२६ पासून ते पुन्हा मॅटेलकडे. नायक तोच, मुखवटा तोच, झगाही तोच. बदलतो फक्त खंडकरी.

या प्रत्येक बदलाचा भुर्दंड ग्राहकावर पडतो. मॅटेलचे संग्राहकांसाठीचे बाहुले सहा इंचांचे होते, मॅकफार्लेनने सात इंचांचे काढले. वर्षानुवर्षे जमवलेला ताफा एका रात्रीत बुटका ठरला! ज्याला मेळ हवा त्याने पुन्हा पहिल्यापासून घ्यावे. त्यातही खरा संग्राहक खोके उघडत नाही, कारण उघडलेल्या खोक्याची किंमत पडते. ज्या खेळण्याशी खेळले की त्याचे मोल घटते, असे खेळणे या व्यवस्थेने निर्माण केले आहे. वस्तूचे उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतील विरोध आपल्या अभ्यासवर्गांत कठीण उदाहरणांनी शिकवला जातो. यापुढे एक न उघडलेले खोके समोर ठेवावे. विषय पाच मिनिटांत समजेल.

नफ्यासाठी ही मंडळी आपल्या नायकांशी तरी प्रामाणिक असतात काय? अमेरिकेच्या आयात शुल्काच्या कोष्टकात ‘बाहुली’वर १२ टक्के आणि ‘खेळण्या’वर ६.८ टक्के शुल्क होते. माणसाची प्रतिकृती ती बाहुली. राक्षस, प्राणी वगैरे ते खेळणे. तेव्हा टॉय बिझने न्यायालयात दावा लावला की आमचे एक्स-मेन हे मानव नाहीत. २००३ साली न्यायालयाने तो मान्य केला. आम्हीही माणसेच आहोत, आम्हाला माणूस म्हणून वागवा, हा एक्स-मेनच्या कथांचा गाभा आहे. ती माणुसकी त्यांच्याच मालकांनी पाच टक्क्यांच्या शुल्कासाठी विकली.

आणि ही खेळणी घडवणारे हात? १० मे १९९३ रोजी थायलंडमधील केडर खेळणी कारखान्याला आग लागली. १८८ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य खेड्यांतून आलेल्या तरुण मुली होत्या. बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या, इमारत कमकुवत, आत कापड आणि प्लास्टिकचे ढीग. अमेरिकेतल्या मुलांसाठी बाहुले शिवणाऱ्या त्या मुलींची नावे कोणत्याही खोक्यावर छापली गेली नाहीत.

आपल्या शेजारचे उदाहरणही आहे. १९८७ मध्ये टायर बनवणारी एमआरएफ आणि अमेरिकेची हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल ही कंपनी काढली आणि गोव्यात कारखाना घातला. हॅस्ब्रोच्या परवान्याने तेथे ‘जी. आय. जो’ या अमेरिकन सैनिकाचे बाहुले निघू लागले. त्यांचे काही निराळे रंग आणि निराळी जुळणी यांमुळे परदेशी संग्राहक आज ते आवर्जून शोधतात आणि चढ्या भावाने घेतात. पण ज्या कामगाराच्या हातून तो दुर्मीळ नमुना तयार झाला, त्याच्या वाट्याला त्या दुर्मीळतेचा एक पैसाही येत नाही. परवाना येतो आणि जातो. त्यावर ना कामगाराचा अधिकार, ना त्याच्या गावाचा.

सरकारचे उत्तर आहे आत्मनिर्भरता. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० वरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७०. देशी उत्पादनाला संरक्षण हवे, याबद्दल समाजवाद्यांचे दुमत असण्याचे कारण नाही. परंतु शुल्क बंदरावर आकारले जाते; देशात बनलेल्या मालावरील चेहऱ्याचा खंड त्याने सुटत नाही. बाहुला चीनमध्ये ओतला काय किंवा भारतात ओतला काय, स्पायडरमॅनच्या मालकाचा हिस्सा त्याला पोहोचतोच. आणि मालक स्वदेशी असला म्हणून न्याय आपोआप प्रस्थापित होत नाही. महाभारतातला भीम हजारो वर्षे सर्वांचा होता. २००८ पासून ‘छोटा भीम’ एका कंपनीचा आहे, आणि दप्तरापासून डब्यापर्यंत त्याचे चित्र परवान्याने विकले जाते. भीमाला कुंपण घालणारा देशी आहे म्हणून ते कुंपण पवित्र होत नाही.

येथे काही कार्यकर्ते अधीर होऊन विचारतील : बुलढाणा जिल्ह्यात कापूस-सोयाबीनला भाव नाही, शेतकरी गळ्याला फास लावून घेतो आहे, आणि तुम्ही बाहुल्यांची चर्चा कसली करता? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर त्यांच्याच शेतात आहे. बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटात शेतकरी बियाण्याबरोबर आणखी एका गोष्टीची किंमत वर्षानुवर्षे मोजत आला. ती म्हणजे बियाण्यातील गुणधर्माचे स्वामित्वशुल्क. शेजारच्या जालन्याच्या महिकोशी भागीदारी करून मॉन्सँटोने ते बियाणे कंपन्यांकडून वसूल केले आणि कंपन्यांनी शेतकऱ्याकडून. पाकीट असो की खोके, आतली तऱ्हा एकच : वस्तू एकाची, तिच्यातल्या ‘गुणा’वर खंड दुसऱ्याचा.

हा खंड म्हणजे निसर्गनियम नव्हे, हेही कपाशीनेच दाखवून दिले. पेटंट जिवंत असतानाच २०१६ मध्ये केंद्र सरकारने हे शुल्क पाकिटामागे ४९ रुपयांवर आणले. पुढे ते ३९, मग २० झाले आणि २०२० मध्ये शून्यावर आले. आभाळ कोसळले नाही. कापूस पिकायचा थांबला नाही. मालकीच्या हक्काला समाजहिताची मर्यादा घालता येते, हे जर बियाण्याबाबत खरे असेल, तर मुलांच्या खेळण्याबाबत ते खोटे कसे?

नायक सर्वांचा असतो तेव्हा काय होते, हे पाहायला आपल्याला परदेशी जावे लागत नाही. नांदुऱ्याला महामार्गालगत १०५ फुटी हनुमान उभा आहे. तो उभारणाऱ्यांना कोणा कंपनीचा परवाना काढावा लागला नाही. पोळ्याला कुंभार मातीचे बैल घडवतो, पूर्व विदर्भातली मुले तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल मिरवतात. त्या बैलाच्या आकारावर कोणाचा हक्क नोंदलेला नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडणारे मूल जिजाऊंच्या पुत्राची रॉयल्टी भरत नाही. म्हणूनच तो बैल आणि तो मावळा गावोगावचा कारागीर आपापल्या परीने घडवू शकतो आणि गरिबाचे मूलही ते घेऊ शकते. या खेळण्यांचे आम्हाला कौतुक आहे ते ती जुनी किंवा धार्मिक आहेत म्हणून नव्हे. ती सामाईक आहेत म्हणून.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? मुलाच्या हातातला स्पायडरमॅन हिसकावू नये. त्याच्या कल्पनेला त्या बाहुल्यात जे सापडते ते खरे आहे. खोटा आहे तो त्या कल्पनेवरचा कर. यात्रेतल्या बनावट बाहुल्याचे गोडवेही गाऊ नयेत. त्याचा रंग आणि प्लास्टिक मुलाच्या तोंडात जाते. १ जानेवारी २०२१ पासून लागू असलेला गुणवत्ता आदेश योग्यच आहे. पण त्याच आदेशात हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना सूट आहे. आपल्या तालुक्यातल्या किती कुंभार-सुतारांना ही नोंदणी ठाऊक आहे? ती करून देणे हे तालुका शाखेचे काम आहे. अंगणवाड्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी होणारी खेळण्यांची खरेदी या कारागिरांकडून व्हावी, असा ठराव ग्रामसभांतून घ्यावा. वाचनालयात पुस्तके मिळतात तशी खेळणी घरी नेऊन परत करण्याची सोय व्हावी. आणि एक मागणी संसदेपर्यंत जावी : प्रत्येक खोक्यावर किमतीबरोबर त्यातील स्वामित्वशुल्काचा आकडाही छापणे सक्तीचे करा. आपण वस्तूला किती देतो आणि चेहऱ्याला किती, हे ग्राहकाला कळू द्या. ज्यांचा व्यवहार सचोटीचा आहे त्यांना एवढ्या एका आकड्याची भीती का वाटावी?

सुपरमॅनचा पहिला अंक १ जानेवारी २०३४ रोजी अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त होईल. ९५ वर्षांची कैद! तोवर त्याचे दोन्ही निर्माते जाऊन जवळपास चार दशके झालेली असतील. समाजाच्या कल्पनेतून जे निपजते ते समाजाकडे परत येण्यास शतक लागावे, ही व्यवस्था माणसांनी केलेली आहे आणि माणसांनाच ती बदलता येईल. त्यासाठी आधी तिला तिच्या खऱ्या नावाने ओळखले पाहिजे. तिचे नाव कल्पकता नव्हे, तिचे नाव खंडखोरी आहे.