रस्त्यावरचे मीठ, विहिरीतले पाणी

कॅनडात हिवाळ्यात रस्त्यांवरचे बर्फ वितळवण्यासाठी दरवर्षी लाखो टन मीठ टाकले जाते. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू उतरतो, रस्ते निसरडे राहत नाहीत आणि अपघात टळतात. हा लाभ खरा आहे. पण वितळलेल्या बर्फासोबत ते मीठ जमिनीत मुरते.

मिठातला क्लोराइड मातीच्या कणांना चिकटत नाही, जिवाणूही त्याचे विघटन करत नाहीत. तो पाण्याबरोबर थेट भूजलात पोहोचतो. सोडियम मात्र मातीतल्या कॅल्शियमची जागा घेतो आणि मातीची घडण बिघडवतो. भूजल संथ वाहते, त्यामुळे क्षार वर्षानुवर्षे साचतात आणि उन्हाळ्यातही झऱ्यांवाटे ओढ्यांत उतरतात. भूजलावर विसंबलेल्या ऑन्टारिओतील वॉटर्लू परिसरासाठी ही गंभीर बाब आहे.

कॅनडात पिण्याच्या पाण्यातील क्लोराइडची मर्यादा चवीच्या दृष्टीने लिटरला 250 मिलिग्रॅम आहे. जलचरांसाठी दीर्घकालीन मर्यादा अवघी 120. एकदा मिसळलेला क्लोराइड काढायला रिव्हर्स ऑस्मोसिससारखी खर्चिक प्रक्रिया लागते. म्हणून उगमापाशीच आवर घालणे हाच खरा उपाय.

2001 मध्ये केंद्र सरकारच्या मूल्यांकनाने रस्त्यावरचे मीठ पर्यावरणास घातक ठरवले. 2004 मध्ये आचारसंहिता आली. ती ऐच्छिक आहे आणि खासगी वाहनतळ तिच्या कक्षेबाहेर राहिले. मोजून मीठ टाकणारी यंत्रे, आधीच फवारलेले मिठाचे द्रावण आणि वाहनतळांनाही लागू होणारे बंधनकारक नियम आता हवेत. रस्त्याची सुरक्षितता विहिरीच्या मोलाने मिळवता कामा नये.