गाडी उचलली, पण शाफ्टचं काय?

पावसाळा जवळ आला की नवी मुंबईत उंच केलेल्या जिप्सी, जुन्या जीप आणि थार जास्तच दिसायला लागतात. फोटो झकास येतात, हौसेला मोल नसतं, सगळं मान्य. माझं भांडण उंचीशी नाहीच. उंची वाढवल्यावर शाफ्टचा कोन कुणी मोजत नाही, याच्याशी आहे.

साधं गणित आहे. ट्रान्स्फर केसपासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंत ताकद नेतो तो प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. क्रॉस तिरका चालला की प्रत्येक फेऱ्यात शाफ्टचा वेग दोनदा कमी-जास्त होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर एकाचा हिसका दुसरा खाऊन टाकतो. कंपनी हा मेळ बसवूनच गाडी बाहेर काढते. आपण स्प्रिंग आणि शॅकल बदलून तो मोडतो.

आखूड गाडीत शाफ्टही आखूड. २ फुटांच्या शाफ्टवर २ इंच लिफ्ट दिली तर कोन जवळपास ५ अंशांनी वाढतो. ३० इंची टायर आणि ४ चा रेशो धरा. ताशी ६० ला शाफ्ट मिनिटाला साधारण १,७०० वेळा फिरतो, म्हणजे सेकंदाला ५५ हिसके! गाडी घरघरते, मालक व्हील बॅलन्सिंग करून येतो, मग अलाइनमेंट, आणि घरघर आहे तिथेच. तोवर क्रॉस झिजत असतो. शिवाय शाफ्टचा सरकता जोड लिफ्टमुळे बाहेर ओढला जातो, आत पकड कमी उरते. उद्या सायन-पनवेल हायवेवर शाफ्ट सुटून पडला तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा काय गुन्हा?

उपाय महागडा नाही. पाट्यांच्या गाडीत पाटा आणि हाउसिंग यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालून डिफरन्शिअलचं तोंड हवं तेवढं फिरवता येतं. शाफ्ट कमी पडत असेल तर लांब करून, बॅलन्स करून घ्यायचा. मात्र पुढच्या हाउसिंगला हाच प्रयोग केला तर कास्टर बिघडतो आणि स्टिअरिंग भरकटतं. म्हणून अंदाजपंचे काम नको. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी करून कोन मोजायचा. जॅकवर लटकवून मोजलेला कोन काही कामाचा नाही.

आता कायद्याकडे या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. पण त्याच दुरुस्तीत अशा बदलांना मंजुरी कशी द्यायची याच्या अटी केंद्रानं ठरवाव्यात, असंही म्हटलंय. दंडाची बाजू सगळ्यांना पाठ आहे, मंजुरीची बाजू कुणी बोलत नाही.

परिणाम काय? काम थांबत नाही, चोरून होतं. बिल नाही, मोजमाप नाही, जबाबदारी कुणाचीच नाही. नाक्यावर गाडी अडवली तरी बघतात टायर आणि बंपर. खाली वाकून शाफ्ट कोण बघणार?

माझं मत स्पष्ट आहे. ठरावीक उंचीपर्यंतच्या, तपासलेल्या किटना वाशी-पनवेलच्या आरटीओत रीतसर मंजुरी मिळाली पाहिजे. त्यासाठी आधीचे आणि नंतरचे कोन लिहिलेला कागद आणि ट्रायल सक्तीची करा. त्यापलीकडे जो जाईल त्याला खुशाल दंड लावा. कळंबोलीत ट्रकांवर हात काळे करणाऱ्या मिस्त्रींना क्रॉस आणि शाफ्ट कुणी शिकवायची गरज नाही. त्यांचं ज्ञान कागदावर यायला हवं, एवढंच.

तोवर हौशी मंडळींना एक विनंती. नियम आज तुमच्या बाजूने नाही, हे जाणूनच पाऊल उचला. विम्याचा क्लेमही अडू शकतो. आणि गॅरेजवाल्यानं किती इंच वाढवणार हे सांगितलं की लगेच विचारा, "कोन किती होणार?" उत्तर आलं नाही तर चावी परत घ्या.

पटत नसेल तर खाली लिहा. फक्त मोजून लिहा!