डबा ठणठणीत, दुभाषा बेपत्ता

"जुना झाला ना, टाकून दे!" संगणकाच्या बाबतीत हे वाक्य लोकांच्या तोंडातून फार सहज निघतं. मला ते पटत नाही. बऱ्याचदा संगणक ठीक असतो, बाकीच्यांनी त्याला वाळीत टाकलेलं असतं.

आता आमच्या मामाचंच बघा. संगणक २००५चा, एक्सपीवाला. मंडळाच्या भजनांसाठी बांधलेल्या सगळ्या चाली त्यावरच्या एका सिक्वेन्सरमध्ये, आणि तो सिक्वेन्सर नव्या विंडोजवर चालत नाही. मध्यंतरी कीबोर्ड आणि संगणक यांना जोडणारा मिडी इंटरफेस बिघडला. मामाने ओळखीतून त्याच काळातला दुसरा मिळवला. डबा ठणठणीत, पण ड्रायव्हरची सीडी नाही. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं नावसुद्धा उरलेलं नाही! ड्रायव्हर म्हणजे दुभाषाच. तोच नाही, म्हणून दोन शहाणी यंत्रं एकमेकांकडे बघत गप्प.

गंमत म्हणजे मिडी ही मुळात भांडण मिटवणारी भाषा. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि सीक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ, म्हणजे धंद्यातले प्रतिस्पर्धी, यांनी त्यासाठी पुढाकार घेतला आणि जानेवारी १९८३ मध्ये दोन्ही कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवले. या केबलमधून आवाज जातच नाही. कुठली पट्टी, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढाच निरोप. एका सुराला तीन बाइट, वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एवढ्या कामाला १९८५ची अटारी एसटी पुरत होती, मग मामाचा संगणक कसला म्हातारा? त्या काळचं पाच पिनांचं सॉकेट आजच्या कीबोर्डवरही सापडतं. अनाथ होतो तो मधला डबा.

आणि हे टाळता येतं. यूएसबीवरून मिडी कसं पाठवायचं याचा सामाईक नियम १९९९ मध्येच ठरला. तो पाळणारे, म्हणजे 'क्लास कंप्लायंट' डबे, एक्सपीसुद्धा सीडीशिवाय ओळखतो. काही कंपन्यांनी जास्त पोर्ट, नेमकी वेळ यांसाठी स्वतःचे ड्रायव्हर लिहिले, तेही समजू शकतो. पण मग ते जपा की! कायम सपोर्ट द्या, फोनवर माणूस बसवा, असं कोण म्हणतंय? फाइल तेवढी साइटवर राहू द्या. लिनक्सवाल्या स्वयंसेवकांनी अशा कितीतरी डब्यांचे दुभाषे फुकटात लिहून ठेवलेत.

असो. डब्याच्या आधीच्या मालकांच्या माळ्यावर सीडी सापडली. आधी ड्रायव्हर टाकला, मगच डबा जोडला (उलट केलं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह हमखास). यूएसबीचं भोक नेहमी तेच वापरायचं, नाहीतर एक्सपीला तो नवा पाहुणा वाटतो. मशीनला इंटरनेट अजिबात नाही; एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय. सीडीची प्रत दोन पेनड्राइव्हवर ठेवली.

आता चाली एकेक करून स्टँडर्ड मिडी फाइल म्हणून बाहेर काढतोय, म्हणजे त्या कुठल्याही संगणकावर उघडतील. मामा प्रत्येक चाल अख्खी ऐकल्याशिवाय पुढची काढू देत नाही, त्यामुळे दिवाळीपर्यंत तरी पुरेल हे काम.