रुबिकॉनचं कौतुक पुरे!

रोमन प्रजासत्ताक कोणी बुडवलं? कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: सीझरने, इ.स.पू. ४९ मध्ये रुबिकॉन नदी ओलांडून. साफ चूक! बग दिसतो तो दिवस म्हणजे बग शिरला तो दिवस नव्हे.

बग शिरला इ.स.पू. १३३ मध्ये. टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनने बड्या लोकांनी बळकावलेली सरकारी जमीन गरिबांना वाटायचा कायदा केला. विरोध करणाऱ्या सहकारी ट्रिब्यूनला त्याने पदावरून हटवलं, म्हणजे नियम त्यानेही वाकवले, मान्य. पण बळ वापरायला खुद्द कॉन्सलने नकार दिल्यावर मुख्य पुरोहित नासिका सिनेटरांना घेऊन निघाला आणि बाकांचे तुटके पाय हाणून ट्रिब्यूनला ठार केलं. सोबत त्याचे तीनेकशे समर्थक. प्रेतं टायबर नदीत. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणं हे रोममध्ये महापाप, बरं का! नासिकावर खटला? छे, त्याला कामगिरीच्या नावाखाली आशियात पाठवून दिलं.

पुढे इ.स.पू. ८८ मध्ये सुल्लाने थेट रोमवरच फौज आणली. सीझर फक्त मळलेल्या वाटेने गेला. आणि ती वाट पाडणारे कोण? स्वतःला प्रजासत्ताकाचे राखणदार म्हणवणारेच!