नेम चुकतोय की रायफल?

१ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचं नाव देशभर पोहोचलं. या प्रकारातलं भारताचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक. तुमच्याही घरात कुणी एअर रायफलवर काही वर्षं घाम गाळून आता ‘पॉइंट टू-टू’कडे वळत असेल, तर आजच्या गप्पा तुमच्यासाठीच आहेत.

ही रायफल रिमफायर काडतुसावर चालते. पुंगळीच्या बुडाला जी कड असते, तिच्या आत ठिणगी देणारा मसाला भरलेला असतो. पिनचा ठोका त्या कडेवर बसतो आणि गोळी सुटते. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढायचा आणि पुन्हा पुढे सारायचा, म्हणून ती बोल्ट-अ‍ॅक्शन.

आता खरा प्रश्न. मुलीचे गुण महिनोन्‌महिने वाढत नाहीत. ती म्हणते, “मलाच जमत नाही.” आईबाबा म्हणतात, “सराव वाढव.” दोष रायफलचा किंवा गोळ्यांचा असू शकतो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. पैसा जातो तो जातोच, पण मुलीचा स्वतःवरचा विश्वास जातो, ते नुकसान मोठं. म्हणून रायफल घेण्याआधीच ती पारखून घ्या.

रुपयाच्या नाण्याची कसोटी

५० मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ असतं फक्त १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे टपोऱ्या काबुली चण्याएवढं. गोळी ५.६ मिलिमीटरची. ती वर्तुळाच्या रेषेला नुसती शिवली तरी दहा गुण मिळतात.

रेंजवर, मालक आणि प्रशिक्षक हजर असताना, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवा. एखाद्या अनुभवी नेमबाजाला एकाच बिंदूवर दहा गोळ्या झाडायला सांगा. मग त्या छिद्रांवर एक रुपयाचं नाणं ठेवा. नाणं साधारण २० ते २२ मिलिमीटरचं असतं. दहाही छिद्रं त्याखाली झाकली गेली, तर रायफल तुमच्या कामाची आहे.

पण एका कागदावर भाळू नका. तीन गोळ्या योगायोगानेही एकमेकींना चिकटतात. दहा-दहा गोळ्यांचे निदान पाच कागद घ्या आणि त्यातल्या सगळ्यात वाईट कागदाकडे आधी बघा. विकणारा उत्तम तोच दाखवणार!

कागद बिघडला तर लगेच रायफल नाकारू नका, आधी गोळ्या बदलून बघा. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या गोळ्या असल्या, तरी वेगवेगळ्या लॉटमध्ये फरक पडतो. एका नळीला मानवणारा लॉट दुसरीला मानवेलच असं नाही. म्हणून मोठे खेळाडू आपल्या रायफलवर लॉट तपासूनच गोळ्या घेतात. तुम्हीही आवडलेल्या लॉटचा नंबर टिपून ठेवा.

वापरलेली घेताना

• नळीचं तोंड भिंगाखाली बघा. तिथली बारीकशी खोचही गोळीची वाट बिघडवते.
• नळी आतून बघताना बोल्ट काढा. गंजाचे खड्डे दिसले, तर रायफल घेऊ नका.
• ट्रिगर प्रत्येक वेळी सारख्याच दाबावर सुटायला हवा.
• मालकाला विचारल्याशिवाय रिकाम्या रायफलचा ट्रिगर ओढू नका. बऱ्याच रिमफायर रायफलींत पिन नळीच्या कडेवर आदळते आणि कड ठेचली जाते.
• दस्ता आणि गालाचा टेकू मुलीच्या मापाने बसवता येतो का, ते बघा. मान वाकडी करून नेम धरावा लागत असेल, तर महागातली रायफलही व्यर्थ.

दुसरा कागद

लक्ष्याच्या कागदाइतकाच परवान्याचा कागद महत्त्वाचा. ठरावीक मर्यादेतल्या .१७७ एअर रायफलला परवाना लागत नाही, .२२ला मात्र १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार लागतोच. रायफलवरचा क्रमांक आणि मालकाच्या परवान्यावरचा क्रमांक अक्षर न्‌ अक्षर जुळवून बघा. वयाच्या अटी आणि खेळाडूंच्या सवलती आपल्या राज्याच्या रायफल संघटनेत विचारून घ्या. तोंडी आश्वासनावर आगाऊ पैसे देऊ नका. परवाना हाती येईपर्यंत क्लबच्या रायफलवर सराव चालू ठेवा. त्यातूनच मुलीला काय मानवतं ते कळतं.

घरी आणल्यावर रायफल कुलुपात, बोल्ट वेगळ्या कुलुपात आणि गोळ्या तिसऱ्या. किल्ल्या मोठ्यांकडेच. पाहुण्यांना कौतुकाने दाखवायची ही वस्तू नव्हे.

आणि ते पाच कागद फेकू नका. तारीख आणि लॉट लिहून फाइलला लावा. पुढे कधी गुण घसरले आणि मुलगी हिरमुसून म्हणाली, “मलाच जमत नाही,” तर पुन्हा रेंजवर जा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवा आणि नवा कागद जुन्याशेजारी ठेवा. दोन्ही सारखे निघाले, तर सराव वाढवायचा. नाही निघाले, तर तिला सांगा, “बाळा, या वेळी चूक तुझी नव्हती.”