विश्लेषण : सर्किट एकच, आवाज दोन! जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा ‘टोन’ नेमका येतो कुठून?

जुने गिटार अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांपेक्षा वेगळे का वाजतात, असे विचारले की बहुतेकांचे बोट आतल्या काचेच्या व्हॉल्व्हकडे जाते. फेंडर आणि मार्शल यांचे दोन गाजलेले अ‍ॅम्प शेजारी ठेवले, तर हे उत्तर अपुरे वाटू लागते.

आता ही चर्चा कशासाठी?

जानेवारी २०२५ मध्ये हाँगशान कॅपिटल या चिनी गुंतवणूक कंपनीने मार्शल समूहातला बहुसंख्य हिस्सा विकत घेण्याचा करार जाहीर केला. मूल्यांकन होते १.१ अब्ज युरो. आज बहुतेकांना मार्शल माहीत आहे ती ब्लूटूथ स्पीकर आणि हेडफोनमुळे. पण हे नाव कमावले ते १९६० च्या दशकातल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरने.

या अ‍ॅम्पना लागणारे नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधल्या मोजक्या कारखान्यांतून येतात. मार्च २०२२ मध्ये, युक्रेन युद्ध सुरू होताच, रशियाने दोनशेहून अधिक प्रकारच्या वस्तूंच्या निर्यातीवर बंदी घातली आणि जगभरच्या गिटारवादकांचे धाबे दणाणले. निर्यात पुढे सुरू झाली, पण महाग होऊन. रशियातल्या साराटोव्हच्या कारखान्यात बनलेल्या काही व्हॉल्व्हवर ‘मुलार्ड’ हे जुने ब्रिटिश नाव छापलेले असते, हेही अनेकांना तेव्हाच कळले.

म्हणजे प्रश्न पैशांचाही आहे. ज्या आवाजासाठी एवढे मोजायचे, तो खरोखर व्हॉल्व्हमधून येतो का?

फेंडर आणि मार्शलमध्ये फरक काय?

१९५९ च्या सुमाराचा फेंडर ‘बेसमन’ मूळ बेस गिटारसाठी बनला होता. चार १० इंची जेन्सन स्पीकर, पाठीमागून उघडी पेटी, सुमारे ४५ वॉट. जिम मार्शल यांचे लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान होते. अमेरिकी अ‍ॅम्प आयात करणे महाग पडत होते. १९६२ मध्ये त्यांच्या दुकानातल्या केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी बेसमनचे सर्किट जवळपास जसेच्या तसे उचलून ‘जेटीएम४५’ बनवला. स्पष्टच सांगायचे तर ती नक्कल होती.

पण आवाज निराळा आला. बेसमन स्वच्छ आणि चमकदार. मार्शल जाडसर, मध्य सप्तकात भरलेला, लवकर ‘फाटणारा’.

यात व्हॉल्व्हचा वाटा आहेच. बेसमनच्या पहिल्या टप्प्यातल्या १२एवाय७ या व्हॉल्व्हचा वर्धनांक सुमारे ४४. मार्शलमध्ये त्याच जागी आला ईसीसी८३, त्याचा वर्धनांक १००. पण बाकीची यादी पाहा. ट्रान्सफॉर्मर ब्रिटिश. स्पीकर १२ इंची सेलेशन. पेटी पाठीमागून बंद. गिटारचा स्पीकर ५ ते ६ किलोहर्ट्झच्या वरचे फारसे काही ऐकवतच नाही; तो एक जबरदस्त फिल्टर आहे. तो फिल्टर आणि त्याची पेटी बदलली की कानाला पहिला फरक तिथेच कळतो. माझ्या मते या तुलनेत स्पीकर आणि पेटीचे पारडे व्हॉल्व्हपेक्षा जड आहे.

मग व्हॉल्व्ह नेमके करतो काय?

इंजिनीअरिंगच्या पुस्तकांत आमच्या वाट्याला व्हॉल्व्ह इतिहासापुरताच आला. घरातल्या जुन्या मंडळींना मात्र रेडिओ लावल्यावर आवाज येईपर्यंत थांबावे लागायचे, ते आठवत असेल. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, मधली जाळी त्यांचा प्रवाह कमी-जास्त करते, एवढेच तत्त्व.

खरी गंमत क्षमतेबाहेर रेटल्यावर होते. ट्रान्झिस्टरचे साधे सर्किट मर्यादा गाठली की लहरीचा माथा सपाट छाटते. व्हॉल्व्ह तो हळूहळू गोलाकार दाबत जातो. या छाटणीतून नवे स्वनक जन्मतात. मूळ सूर षड्ज मानला, तर दुसरा स्वनक म्हणजे वरच्या सप्तकातला षड्ज आणि तिसरा म्हणजे त्यावरचा पंचम. तंबोऱ्याची जवारी लावताना आपण जे स्वनक खुलवतो, त्याच कुळातले हे.

‘व्हॉल्व्ह सम स्वनक देतो म्हणून गोड वाजतो’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळते. ते अर्धेच खरे. सुरुवातीच्या टप्प्यांना ते बऱ्यापैकी लागू पडते. पण बेसमन किंवा मार्शलच्या शेवटच्या टप्प्यात दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने ओढ-ढकल करतात आणि त्या रचनेत सम स्वनक एकमेकांना बऱ्याच अंशी रद्द करतात. जोरात वाजवलेल्या मार्शलची ती प्रसिद्ध गुरगुर बरीचशी विषम स्वनकांची आहे.

व्हॉक्सचा ‘एसी३०’ आणखी वेगळा. डिक डेनी यांची ही रचना बीटल्समुळे आणि पुढे क्वीनच्या ब्रायन मे यांच्यामुळे घराघरात ऐकू गेली. शेवटच्या टप्प्यात चार छोटे ईएल८४, आणि फेंडर-मार्शलमध्ये असलेले ऋण प्रतिभरण इथे नाहीच. ते नसल्याने अ‍ॅम्पला आवर कमी, म्हणून त्या आवाजाला ती घंटेसारखी किणकिण.

तुलना फसते कुठे?

आवाजाच्या पातळीत. एक-दोन डेसिबलने मोठा असलेला अ‍ॅम्प कानाला ‘चांगला’ वाटतो. पातळी वाढली की खर्ज आणि तार दोन्ही अधिक भरून ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. पातळी समान न करता, नाव न झाकता केलेल्या तुलनेवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

डिजिटल पर्याय पुरेसा आहे का?

फेंडरनेच २०१९ मध्ये ‘टोन मास्टर’ मालिकेत ‘डीलक्स रिव्हर्ब’चा डिजिटल अवतार आणला. त्यात व्हॉल्व्ह एकही नाही, वजन जवळपास निम्मे. पण लाकडी पेटी आणि खराखुरा १२ इंची स्पीकर कायम ठेवला. मूळ अ‍ॅम्प २२ वॉटचा, तर इथे डिजिटल अ‍ॅम्प्लिफायर १०० वॉटचा, कारण व्हॉल्व्हची दमछाक आकडेमोडीने उभी करायची तर खाली ताकदीची शिल्लक लागते. काय टाकले आणि काय ठेवले, यातच बरेच उत्तर आहे. रेकॉर्डिंगमध्ये हा फरक ओळखणे कठीण. वाजवणाऱ्याच्या बोटांना मात्र जोराच्या फटकाऱ्यावर किंचित दबून पुन्हा उसळणारा जुना अ‍ॅम्प वेगळा जाणवू शकतो, आणि तो अनुभव खोटा म्हणता येणार नाही.

अमेरिकेतून जुना अ‍ॅम्प आणायचा असेल तर?

तिथला वीजपुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रीक्वेन्सी तीच राहते. त्यामुळे ६० हर्ट्झसाठी बनलेला आतला ट्रान्सफॉर्मर इथे जास्त तापतो. जुने कपॅसिटर बदलावे लागतात, आणि त्यांच्यात प्लग काढल्यावरही ४०० व्होल्टच्या आसपास जीवघेणा भार शिल्लक असू शकतो. मागची फळी घरी उघडू नये. आणखी एक : स्पीकर न जोडता असा अ‍ॅम्प वाजवला तर त्यातला सर्वांत महागड्या भागांपैकी एक, आऊटपुट ट्रान्सफॉर्मर, जळू शकतो.